न गोठणारं रक्त

बंबासाठी सोडणं, म्हणजे नारळाच्या वाळक्या साली, काढायला ढिगात हात घातला आणि कुकरची वाफ सुटल्यासारखा आवाज आला. हात तिथेच ठेवून मी घराकडे तोंड केलं आणि ओरडलो, "अगं, गॅस बारीक कर!" पुढच्या क्षणी तापलेला खिळा बोटात ठोकावा तशी कळ मस्तकात गेली. हात ओढला तर बोटाला लटकून घोणस बाहेर आली. झटकल्यावर पडली आणि पाठीवरची काळसर साखळी दाखवत पुन्हा ढिगात शिरली.

नागावात आमची वाडी आहे आणि पाहुण्यांसाठी तीन खोल्या. 'वाडीत कुठेही हात घालू नका' हे पाहुण्यांना बजावण्याचं काम माझ्याकडे आहे.

शेजारचे नाना धावत आले. त्यांनी सुंभाने माझा दंड करकचून आवळला आणि हातात हिरवी मिरची दिली. "चाव. तिखट लागली तं इख चढलाच न्हाय."

मिरची जाळ होती. मी सुटलो, अशा थाटात ओट्यावर बसलो.

तोवर बायको, हेमा, हातावरचं पीठ झटकत आली. "नाना, पुढची मिरची तुम्ही खा. अहो, उठा, रिक्षात बसा."

अलिबागपर्यंत दोनदा उलटी झाली. हात पपनसासारखा फुगला, अंगठी मांसात बुडाली. मी थुंकलो ते लाल होतं. हिरड्या फुटल्या होत्या.

सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टर माझ्या पुतणीच्या वयाच्या. त्यांनी आधी सलाइन लावलं, रक्त घेतलं आणि काचेच्या कोरड्या नळीत ठेवलं. "काका, ही वीस मिनिटं हलवायची नाही. मग आडवी करून बघू. गोठलं असलं तर बरं."

वीस मिनिटांनी नळी आडवी केली. रक्त कोकम सरबतासारखं वाहत काठापर्यंत आलं. हेमाने पदर तोंडात कोंबला.

"विष रक्तात भिनलंय," डॉक्टर म्हणाल्या. "हा सगळा प्रोटीनचा खेळ आहे."

प्रोटीन म्हटलं की मला मुलाचा व्यायामाच्या पावडरचा डबा आठवायचा. औषध भरता भरता डॉक्टरांनी सांगितलं ते असं: प्रोटीन म्हणजे प्रथिन, बारीक मण्यांची लांब माळ. ती ठरावीक घड्या घेऊन ठरावीक आकाराची होते, आणि जसा आकार तसं काम. रक्तात फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन असतं. जखम झाली की त्याचे धागे होऊन जाळं विणलं जातं आणि रक्त थांबतं. घोणशीचं विषही प्रथिनंच. त्यातली काही प्रथिनं हे धागे संपवून टाकतात, काही कात्रीसारखी शिरांच्या भिंती आणि मांस कापत सुटतात. आणि त्यावरचा उतारा, अँटिव्हेनम, तोही प्रथिनंच. घोड्याच्या रक्तातून काढलेली. विषाला मिठी मारून निकामी करणारी.

"आणि मिरची?" मी विचारलं.

"मिरचीने काहीच कळत नाही. तुमचा वेळ मात्र गेला."

अंगठी कापून काढली. अँटिव्हेनमची बाटली सुरू झाली, मग दंडावरचं सुंभ हळूहळू सोडलं. थोड्याच वेळात अंगभर गांधी उठल्या, घसा आतून कुणी पिळावा तसा आवळला, हुडहुडीने खाट खडखडायला लागली. ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे परक्या प्रथिनावर आपल्याच शरीराने केलेला आंधळा हल्ला. साप वाडीत राहिला आणि आता मीच मला मारत होतो. मांडीत इंजेक्शन खुपसलं. श्वास आला तेव्हा मी हेमाच्या मनगटाला नखं रुतवली होती. तिलाही रक्त आलं होतं. तिचं लगेच थांबलं.

बाटली सावकाश पुन्हा लावली. दर सहा तासांनी नवी नळी. दुसरी वाहिली. तिसरीही वाहिली. सुई टोचली तिथून, नाकातून, लघवीतून रक्त येत होतं. हेमा माझ्याकडे बघायची बंद झाली, फक्त नळीकडे बघायची.

चौथी नळी डॉक्टरांनी आडवी केली. रक्त जागचं हललं नाही. उलटी केली, तरी गोळा तळाला चिकटून. हेमा वॉर्डभर ऐकू जाईल अशी ओरडली, "धरलं! धरलं!" शेजारच्या खाटेवरच्या माणसाला वाटलं, चोर धरला.

मूत्रपिंडं वाचली. तर्जनीचं टोक काळं पडलं होतं, ते कापावं लागलं. तेवढं घोणशीला दिलं.

तुमच्यावर वेळ आली तर बांधू नका, चिरू नका, चाखू नका. अंगठी, बांगडी लगेच काढा, हात न हलवता सरळ दवाखाना गाठा. सापाला शोधत बसू नका. आता खरचटलं आणि खपली धरली की मी थांबून बघतो. आत न दिसणारं कुणीतरी जाळं विणत असतं. त्या डॉक्टरांचे आणि त्या अनोळखी घोड्याचे उपकार कसे फेडायचे, माहीत नाही.

घरी आल्यावर जेवताना मी हेमाला म्हटलं, तुझ्या कुकरने घात केला.

भाकरी थापता थापता ती म्हणाली, "अहो, कुकर लावलाच नव्हता मी. तेच सांगत होते, तेवढ्यात तुम्ही किंचाळलात. आता हुकूम सोडलात की उत्तर येईपर्यंत हात खिशात ठेवायचा. बोटं साडेनऊच उरलीत."