पलंगाखालची सून

माझ्या लग्नात वडिलांनी सागाचा पलंग दिला होता, स्वतःच्या हातानं केलेला. भाताची कामं आटोपली की ते मुरबाडला एका दुकानात सुतारकाम करायचे. मी शहापूरकडे सासरी आले तेव्हा शेतात माझं काही चुकलं की सासरे म्हणायचे, "सुताराची पोर, तिला काय कळतंय!" मी आतून धुमसायचे.

आता वडील नाहीत. त्या पलंगावर सासरे झोपतात, आणि या उन्हाळ्यात तो असा कुरकुरायला लागला की विचारू नका. त्यांनी कूस बदलली की सगळं घर जागं. शेवटी त्यांनी कूस बदलणंच सोडलं. आमची झोपमोड नको म्हणून रात्रभर एका अंगावर पडून राहायचे आणि सकाळी आखडलेला खांदा चोळत बसायचे. बघून जीव तुटायचा.

नवऱ्यानं सांध्यांत खिळे ठोकले, तर आवाज दुप्पट झाला. मग तेल ओतलं. गादी तेवढी खराब झाली. शेवटी म्हणाला, "रविवारी वाशिंदवरनं नवा बेड आणतो. हा फोडून चुलीत घालू."

"माझ्या बापाचा पलंग चुलीत? आधी मला घाला," मी म्हटलं.

शनिवारी दुपारी नवऱ्याला त्यावर लोळायला लावलं, तर पलंग मुका. तेव्हा वडिलांचं बोलणं आठवलं: ज्याच्या अंगाखाली वाजतो, त्यालाच झोपवायचं. मी पदर खोचून सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, तुम्ही वर झोपा. मी खाली शिरते."

आमच्याकडे सून सासऱ्यांसमोर खाटेवर बसत नाही, मग त्यांच्या खाली शिरणारी कुणी पाहिलीय! सासरे गोरेमोरे झाले. "अगो, लोक काय बोलतील?"

"लोकांना झोप लागते, बाबा. तुम्हाला लागत नाय. वळा."

ते वळले. मी एकेका पायाला तळहात लावत गेले. उशाकडच्या उजव्या पायाशी लाकूड हाताला थरथरलं. सांधा सुकून ढिला पडला होता, वर नवऱ्याचे खिळे. ते उपटले. चुलीवरच्या माळ्यावरून धुरानं काळी पडलेली बांबूची कामटी काढली आणि कोयत्यानं पातळ तासली. ओल्या बांबूची पाचर वडील कधी मारत नसत. ती सुकली की कुरकुर परत सुरू. पाचर सांध्यात हलक्या हातानं ठोकली.

"आता वळा."

ते या अंगावरून त्या अंगावर झाले, पुन्हा या अंगावर. हूं नाही की चूं नाही. मी खाली धुळीत उताणी पडून हसत होते. वडिलांचा पलंग होता तो, आणि हातही त्यांचाच चालला होता माझ्या हातातून.

तेवढ्यात शेजारचे काका दारात आले. "सून खाली काय करते रे?"

"सुताराची पोर हाय ती," वरून सासऱ्यांचा आवाज आला. "तिला कळतं."

मी अंग झटकत बाहेर येईपर्यंत ते भिंतीकडे कूस करून घोरायलाही लागले होते.