पातेऱ्याच्या ढिगातली गोण

निघताना मी पिशवी तीनदा तपासली. जाड रबरी हातमोजे दोन जोड, हातभर लांबीचा चिमटा, घट्ट झाकणाची बादली आणि माझी नेहमीची काठी. जिन्यात शेजारच्या वहिनी भेटल्या. म्हणाल्या, "अहो, महाडला निघालात की साप पकडायला?" मी हसले आणि रिक्षा पकडली. ठाण्याहून सकाळची एसटी होती, खिडकीची जागा मिळाली, आणि मी स्वतःवर जाम खूश होते.

मला जिओकॅशिंगचा नाद आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कुणीतरी एक डबा कुठेतरी लपवतं आणि ती जागा फोनच्या नकाशावर टाकतं. बाकीच्यांनी ती शोधत जायचं, डब्यातल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तसा परत ठेवायचा. बस, एवढंच. पण त्यापायी मी निम्मं कोकण पायी हिंडले आहे. खेळाचा एक दंडक मात्र कडक आहे. खेळाबाहेरच्या माणसाला काही कळू द्यायचं नाही, नाहीतर डबा गायब होतो.

दुसरा दंडक माझा स्वतःचा. शाळेच्या प्रयोगशाळेत काचा, आम्लं आणि वात्रट पोरं सांभाळण्यात माझी उभी नोकरी गेली, त्यामुळे नवीन मंडळींना मी पहिलं हेच बजावते: आधी काठी, मग हात. डबे जिथे लपवतात तिथेच लोक घाणही टाकतात. दगडाच्या फटीत वापरलेली सुई असते, मोरीखाली फुटक्या ट्यूबलाइटी असतात, झाकण लावलेल्या बाटलीत काय असेल देव जाणे. बंद डबा आपला नसेल तर उघडू नका, बिळात हात घालू नका. माझं हे प्रवचन ऐकून आमच्या गटातली मंडळी मागे माझी नक्कल करतात, मला माहीत आहे.

महाडला उतरले तेव्हा ऊन चढलं होतं. डेपोसमोर चहा घेतला. चहावाल्या दादाने बादलीकडे बघून विचारलं, "मासळी न्यायची का, ताई?" मी म्हटलं, "नाही हो, कचरा." तो म्हणाला, "कचरा आणायला ठाण्यावरून आलात? आमचाच नेला असतात की!" बाजारात सुक्या मासळीचा वास, कोर्टाकडे लगबगीने निघालेले काळे कोट, आणि पोलादपूरची गाडी लागली रे लागली की उडणारी झुंबड. पुलावरून जाताना सावित्री दिसली. माघातली सावित्री अगदी गरीब असते, खडकाखडकांतून वाट काढत जाते. काठच्या झाडांवर उंच अडकलेल्या प्लॅस्टिकच्या चिंध्यांवरून पावसाळ्यात पाणी कुठवर येतं ते कळत होतं.

पोलादपूरहून मिनिडोर (सहा आसनी रिक्षा) मिळाली. कापडे गावाच्या अलीकडे उतरून वाडीची पायवाट धरली. भाताची खाचरं रिकामी, करडी झालेली. बांधाबांधावर ऐनाची झाडं.

आता मी बादली घेऊन का आले होते, ते सांगते.

गेल्या वर्षी याच दिवसांत मी इथे एक डबा लपवला. ऐनाच्या बुंध्यामागे, दगडांच्या बेचक्यात. जागा सुरेख होती, पण सहलीला आलेल्या कुणीतरी तिथे उकिरडा करून ठेवला होता. अंगावर मारायच्या फवाऱ्याचे तीन पत्र्याचे डबे, दोन लायटर, बाटलीच्या काचा. मला राहवेना. हातमोजे चढवले आणि तिथेच पडलेल्या एका फाटक्या गोणीत सगळं भरलं. काच कुणाला लागू नये म्हणून खाली पानं घातली, मध्ये पानं घातली, गोणीच्या तोंडाशी तर ठासून पानं भरली. पण काचांची गोण एसटीत कोण घेणार? म्हटलं, पुढच्या रविवारी झाकणाची बादली घेऊन येते. तोवर ठेवायची कुठे? बांधालगत वाळक्या पानांचा मोठा ढीग होता, कुणीतरी झाडून लोटलेला. गोण त्यात खोल दडवली. पानांच्या ढिगाला कोण हात लावतंय, असं मला वाटलं. आमच्या सोसायटीत पानं म्हणजे कचराच.

परत जाताना वाटेवरच्या घरातून हाक आली, "काय गो, मघापासून काय शोधतेस?" सुभद्राकाकी. साठी उलटलेली, काटक, एकटी राहणारी बाई, मुलगा मुंबईला. मी दंडक पाळला. म्हटलं, "पक्षी बघतेय, काकी."

"पक्षी खाली पाचोळ्यात बघतात व्हय?" असं म्हणत तिने ओटीवर बसवून मला ताक दिलं. मी दोन पेले प्यायले.

पुढच्या रविवारी घरी पाहुणे आले. त्याच्या पुढच्या रविवारी मी दुसरा डबा शोधायला भलतीकडे गेले. आणि मग, खोटं कशाला बोलू, विसरले. मधे कुणीतरी फोनवर माझ्या डब्याबद्दल लिहिलं, "जागा किती स्वच्छ ठेवलीय! लपवणाऱ्या बाईंना सलाम." ते मी चार जणांना वाचून दाखवलं. गोण मात्र तेव्हाही आठवली नाही. वर्षाने एकाने कळवलं, डबा भिजलाय, वही बदला. तेव्हा कुठे डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

मी ऐनापाशी पोचले, तर डबा जागेवरच होता. वही ओली, बाकी ठीक. पानांचा ढीगही होता, पण नवा, लहानसा. काठीने सगळा उपसला. गोण नव्हती. पावसाने वाहून गेली असेल, असं मनाशी म्हणत मी वाडीकडे निघाले. काकीसाठी चिवडा घेतला होता.

काकी अंगणात टोपली पालथी करून पानं काठीने पसरत होती. माझी चाहूल लागल्यावर तिने सगळी मान वळवली, अगदी खांद्यापर्यंत, आणि मग म्हणाली, "तू ती पक्षीवाली नाय का?"

"ओळखलंत, काकी!"

"वरीस झालं की गो. बस. जेवूनच जा आता."

तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि वालाचं बिरडं. भूक सडकून लागली होती. ती वाढताना दर वेळी तशीच पूर्ण मान वळवत होती. मला वाटलं, मानेचं दुखणं असेल. मग ती समोर उजेडात बसली आणि मला तिचा डावा डोळा दिसला. पांढरा, बुबुळच नसलेला. 

"काकी, डोळ्याला काय झालं?"

"राबात गेला," ती म्हणाली. भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, टहाळ (पानांसकट तोडलेल्या फांद्या) आणि पातेरा (वाळकी पानं) पसरून ती भाजतात, त्याला राब म्हणतात, हे मला पुस्तकातून माहीत होतं. तो पातेरा माघापासून बाया टोपली टोपली झाडून आणतात आणि ढीग करून ठेवतात, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. असलं तरी मी वाचलं नव्हतं. "शिमगा झाल्यावर राब पेटवला. मी कडेला टहाळा घेऊन उभी. धाडकन फुटलं काय तरी. एकदा, मग परत एकदा. पत्रा आला डोळ्यात. मुलगा मुंबईला घेऊन गेला, पण नाय वाचला."

मला ते तीन डबे आठवले. तरी मी विचारलं, कारण माणूस वेडी आशा सोडत नाही. "फुटलं काय?"

"गोण होती गो, पातेऱ्याची. ही माझी जाऊ, इंदी," तिने अंगणापलीकडच्या घराकडे हनुवटी केली. "मी एकटी म्हणून दर वर्साला एक गोण पातेरा माझ्या ढिगात आणून टाकायची. सांगायची पण नाय. मी ढीग उपसला तर आत गोण, तोंडाशी पानं. म्हटलं, टाकली इंदीनं. गोणपाट फाटकंच होतं, तेपण जळेल म्हणून तशीच ठेवली राबावर. आत फवाऱ्याचे डबे! इंदीची नातवंडं सुट्टीला आली की तसलेच फुसफुस मारत असतात. घरचा उकिरडा माझ्या राबात घातलान."

"त्या काय म्हणाल्या?"

"शपथ घेतली देवाची. म्हणाली, आक्का, माझी गोण मी अजून टाकलीच नव्हती. मी म्हटलं, खोटारडी. वरीस झालं, तोंड बघत नाय मी तिचं. चाळीस वर्सं एका विहिरीचं पाणी भरलं गो आम्ही." तिने माझ्या ताटात आणखी बिरडं वाढलं. "आता एकेक टोपली काठीनं पसरून बघते. दिवस जातो त्यात. जेव ना, थांबलीस का?"

माझी परतीची गाडी चारला होती. मी ते घड्याळात बघितलं, हे कबूल करते. गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? मी पक्षीवाली बाई. चिवडा ठेवायचा, पाया पडायचं आणि निघायचं. हा विचार माझ्या मनात आला आणि चांगला दोन घास तिथे राहिला. मग पलीकडच्या घरात कुणीतरी भांडं ठेवल्याचा आवाज झाला आणि काकीची मान तिकडे वळता वळता थांबली.

"काकी, ती गोण माझी होती," मी म्हटलं.

तिला कळेना. मी सगळं सांगितलं. डबा, खेळ, फवाऱ्याचे डबे, काच लागू नये म्हणून ठासलेली पानं, न आलेला रविवार.  माझं संपल्यावर तिने हात डोळ्यावर धरला.

"म्हणजे गोण माझ्या ढिगात घातलीस," ती म्हणाली, "नि हितं माझ्या ओटीवर येऊन ताक प्यायलीस. तवा एक शब्द बोलायला काय झालं होतं तुला? नुसतं म्हणायचंस, काकी, ढिगात काचा हायत. मीच फेकल्या असत्या लांब."

खेळात सांगायचं नसतं, हे त्या अंगणात मला उच्चारवेना. माझीच मला लाज वाटली, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ऊठ," ती म्हणाली. "हात धू नि चल."

ती पुढे, मी मागे. अंगण ओलांडायला वीस पावलंही लागली नसतील. पलीकडच्या दाराशी जाऊन तिने हाक मारली, "इंदे! गो इंदे, बाहेर ये!" आत काहीतरी खाली पडलं. इंदूवहिनी पिठाचे हात घेऊन उंबऱ्यात आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"हिला सांग," काकी मला म्हणाली. "मला सांगितलंस, तस्संच सांग."

मी दुसऱ्यांदा सांगितलं. इंदूवहिनींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, त्या सारखी काकीकडे बघत होत्या. माझं झाल्यावर एवढंच म्हणाल्या, "वरीस गेलं गो, आक्का. फुकट गेलं." आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. काकीने त्यांचा पिठाचा हात धरला.

मी बाजूला उभी होते. निघताना म्हटलं, "काकी, मला माफ..."

"ते आता नको," ती शांतपणे म्हणाली. "मला अजून राग यायचा हाय. तू जा. यष्टी चुकेल तुझी."

ऐनाखालचा डबा काढून बादलीत टाकला. रस्त्यावर गाडीची वाट बघत फोनवरून त्या जागेची नोंदही कायमची पुसली. ती पुसताना "लपवणाऱ्या बाईंना सलाम" परत समोर आलं. उभं आयुष्य मी पोरांना शिकवलं, काच फुटली तर आधी ओरडून सगळ्यांना सांगा, मग झाडू घ्या. पोरं ऐकायची. मी स्वतः काय केलं, तर काच पानांत गुंडाळली, दुसऱ्याच्या ढिगात दडवली आणि गुपचूप घरी गेले. वर सगळ्यांना सांगत फिरले, आधी काठी, मग हात. त्या ओटीवर मला ना काठी लागणार होती ना हातमोजे. तोंड उघडलं असतं तरी पुरलं असतं.

एसटी आली. वळण घेऊन गाडी वाडीच्या खाचरांवरून पुढे निघाली, तर खाली बांधावर त्या दोघी पातेरा भरत होत्या. इंदूवहिनी झाडत होत्या, काकी टोपली उचलून उभी राहत होती. मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकले, हात हलवला, हाकही मारली, पण ती इंजिनाच्या आवाजात बुडाली. इंदूवहिनींनी वर बघितलं. काकीने नाही. राग आला असेल, आता कुठे आला असेल, असं वाटून मी हात खाली घेतला. गाडी बरीच पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं, मी तिच्या डाव्या बाजूला होते.