ओठावर न भिजणारा दोरा

काजवाल्या मावशीचा हात असा, की तिच्या काजात बटण आपल्या घरी आल्यासारखं बसे. चाळीस वर्षं ती एकाच शिंप्याच्या दुकानात, खिडकीशी बसून हातानं काजं करत आली. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करायचं, सुईत ओवायचं. पुढचं काम हातच जाणे.

त्या वर्षी दोरा भिजेना. तोंड कोरडं ठाक. आणि एके दिवशी तिनं एका कोटाच्या दोन्ही बाजूंना काजं केली.

"मावशी, बटणं काय वाऱ्यावर लावू?" शिंपी मास्तर म्हणाला. हसला खरा, पण पुढचं काम त्यानं दिलं नाही.

घरी मुलगा म्हणाला, "आई, विसरायला लागलीस. वय झालं. आता घरी बस."

 काज गेलं तर आपल्यात उरतं काय, एवढंच तिच्या मनात घोळत राहिलं.

त्या वर्षी सुरू झालेल्या गोळ्या संपल्या तशी ती औषधांच्या दुकानात गेली. "कोरड्या तोंडावर काही दे बाई. दोरासुद्धा भिजत नाही."

दुकानवालीनं तिच्या चिठ्ठ्या शेजारी शेजारी मांडल्या. एक खाजेवरची, एक चक्करेवरची, एक सारखं लघवीला लागतं त्यावरची. तीन डॉक्टर तीन दिशांना.

"मावशी, तिन्ही औषधं एकाच जातीची. अँटिकोलिनर्जिक म्हणतात."

"हे आणि कुठलं भूत?"

"निरोप नेणारी नस एक रसायन सोडते. ते पुढच्या पेशीवर ठरलेल्या जागी बसलं की निरोप पोचतो. मग तोंडात लाळ सुटते, आठवण पक्की होते. त्या जागेला म्हणायचं रिसेप्टर. ही औषधं ती जागाच अडवून बसतात."

मावशी म्हणाली, "म्हणजे काजात परकं बटण. स्वतः कामाचं नाही आणि खऱ्याला शिरू देत नाही."

"अगदी तसंच! पण आपल्या मनानं बंद करू नका हं. तिन्ही चिठ्ठ्या एकाच डॉक्टरपुढे ठेवा."

डॉक्टरांनी एक गोळी बदलली, दोन हळूहळू थांबवल्या. एक महिना गेला, दुसरा निम्मा सरला. एका सकाळी दोरा ओठावर भिजला. ती तशीच उठून मास्तरच्या दुकानात गेली.

"तो कोट कुठाय?"

"पडलाय कोपऱ्यात. गिऱ्हाइकाला दुसरा शिवून दिला. कापलेलं काज मिटत नसतं, मावशी."

"मला शिकवतोस?"

ती खिडकीशी बसली. चुकीच्या बाजूची पाचही काजं बारीक टाक्यांनी मिटवली आणि प्रत्येकावर एकेक बटण बसवलं. मास्तरनं कोट उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला. मग दोन सदरे तिच्या मांडीवर टाकले.