मंत्रिपद सोडून आलेला माझा पाहुणा

दोन हजार तेवीस साल होतं, मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि तोवर सबंध सोलापूर जिल्ह्यात मंत्रिपद आपण होऊन सोडणारा माणूस मी एकच पाहिला. तोही डेन्मार्कचा. तरुणपणी टेंभुर्णीजवळच्या दूध सोसायटीत गाईंचं काम बघायला आला आणि वर्षभर आमच्या घरी राहिला. तेव्हापासून मला दादा म्हणतो. माझी शाळा चौथीपर्यंत. पण त्याला मराठी मी शिकवली, म्हणून ती खणखणीत आहे. नियमाचं मात्र त्याला वेडच. शेळीला धक्का लागला तर तिची माफी मागायचा. सायकल वळवताना हात दाखवायचा. मागं फक्त म्हशी असायच्या. पुढं तिकडं निवडून आला, शेतीखात्याचा मंत्री झाला. मी फोनवर विचारलं, "आरं, गाडी न्हाय का दिली?" तर म्हणतो, "हाय की दादा. पण ऑफिस जवळ हाय, सायकल बरी पडती." हे मी गावात सांगितलं नाही. गावात मी गाडीच सांगत आलो.

त्या साली तो येणार म्हणून मी सत्काराचा मंडप घातला. हा आला एसटीनं, आणि चहा पिताना म्हणाला, "दादा, मागल्या आठवड्यात राजीनामा दिला. सभागृहात एक गोष्ट चुकीची सांगितली."

"खोटं बोललास?"

"न्हाय. मला ठाऊक नव्हतं."

"मग?"

"ठाऊक असायला पायजे होतं की."

इतकी वर्षं गावाला ‘माझा भाऊ मंत्री’ सांगून सांगून घसा बसला होता माझा. म्हटलं, "आजचा दिस गप ऱ्हा. माझ्या नाकाचा प्रश्न हाय."

त्यानं निमूट फेटा बांधून घेतला आणि माईक हातात येताच म्हणाला, "मंडळी, मी आता मंत्री न्हाय." मग आमचे सरपंच उठले. दहा वर्षांमागं निवडणुकीत पडले, तरी अजून सगळे त्यांना सरपंचच म्हणतात. ओरडले, "असं कुटं असतंय व्हय! एकदा झाला की जलमभर मंत्रीच!" टाळ्याच टाळ्या. हा "न्हाय, न्हाय" करतोय, आणि लोक म्हणतायत, काय नम्र माणूस!

माझं नाक वाचलं. पण संध्याकाळी अंगणात तो फार दमलेला दिसला. म्हणाला, "तू तरी म्हण की दादा, मी मंत्री न्हाय म्हणून." मी त्याचा फेटा गुंडाळत बसलो. मीही दमलो होतो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी चौकातल्या हॉटेलवर गेलो. सरपंचांनी विचारलं, "मंत्रीसाहेब उठले का?"

"मंत्री न्हाय त्यो," मी सगळ्यांदेखत म्हणालो. "काम सुटलंय त्याचं. भावाकडं ऱ्हायला आलाय." आणि दोन चहा बांधून घेऊन घरी निघालो.