चाळीस लाल फिती

आमच्या दफ्तरखान्यातली बाइंडर सगळ्यांचीच मावशी, पण माझी सख्खी. तेव्हा तिच्याबद्दल बोलताना माझी जीभ जरा सैल सुटेल, सांभाळून घ्या.

दफ्तरखाना नदीकाठी, आणि तोही तळघरात. दोनशे वर्षांचे कागद नदीशेजारी जमिनीखाली ठेवायची अक्कल कुणाची, ते त्या कागदांतही सापडत नाही. यंदा पाणी फाटकापर्यंत येऊन परतलं, तसं मावशीने साहेबांमागे टुमणं लावलं, "पुराची तालीम घ्या." तालीम झाली. माणसं आठ, जिना एक. पाणी फाटकातून तळघरात उतरायला लागेल अर्धा तास, तेवढ्यात चाळीसच दफ्तरं वर गेली.

"मग आत्ताच चाळीस निवडा आणि लाल फीत बांधा," मावशी म्हणाली. "पाणी आल्यावर डोकं चालत नाही, नुसते पाय चालतात."

झालं! ज्याने त्याने आपापल्या लाडक्यांना फिती बांधल्या. नकाशेवाल्याने झाडून सगळ्या नकाशांना, मी माझ्या तिन्ही कपाटांना, साहेबांनी तर स्वतःच्या खुर्चीलाही. एकूण भरल्या तीनशे बारा.

"सगळेच पालखीत बसले तर उचलणार कोण?" म्हणत मावशी कात्री घेऊन निघाली. प्रत्येक कपाटापुढे एकच प्रश्न: याची दुसरी प्रत कुठे आहे? आहे म्हटलं की कच्चकन फीत खाली. नकाशेवाला रुसून बसला. साहेबांनी खुर्चीची फीत हळूच स्वतःच सोडली.

शेवटी उरली एक्केचाळीस. त्यातली एक होती होडीवाल्यांची जाड वही. वाळवीने तिची चाळण केली होती. मावशीने सहा वर्षं खपून ती पान पान जोडली होती. पण तिचे फोटो काढून झाले होते, तेही मावशीच्याच हट्टाने.

"राहू द्या हो मावशी, एकाने काय होतंय?" साहेब म्हणाले.

"एकेक करूनच तीनशे झाल्या होत्या," मावशी म्हणाली आणि तिने फीत कापली. मला तिचा भयंकर राग आला.

तीन आठवड्यांनी भर दुपारी नदी आली. जेवणाचे डबे उघडेच टाकून आम्ही धावलो. चाळीसच्या चाळीस दफ्तरं सव्वीस मिनिटांत वर! मग मला राहवेना. मी वहीसाठी पुन्हा खाली वळले. पाणी तिसऱ्या पायरीवर होतं. मावशीने माझं मनगट असं धरलं की बांगडी वाकली.

"वर चल मुकाट्याने! ताईला काय तोंड दाखवू मी?"

दोन दिवसांनी पाणी ओसरलं. वही फुगून उशीएवढी झाली होती. मला रडूच फुटलं.

"रडतेस काय वेड्यासारखी?" मावशीने बाह्या वर सारल्या. "हिला मी बांधलंय, पुन्हा बांधीन. ती चाळीस गेली असती तर पुन्हा लिहिणारी माणसं कुठून आणली असतीस?"

"पण मावशी, तुमची निवृत्ती चार महिन्यांवर आली," साहेब चाचरत म्हणाले.

"मग टीपकागद लवकर मागवा," मावशी म्हणाली.

ती निवृत्त झाली, हार-भाषणंही झाली. दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला बाई टेबलाशी हजर. काल अकरावं पान झालं. पानं आहेत चारशे साठ.