निकामी बंब

आमच्या अग्निशमन केंद्रातला जुना बंब भंगारात काढायला मला कारकुनाला तीन वर्षं लागली, ती केवळ तिथल्या ड्रायव्हरमुळे. माणूस लेण्यांजवळच्या भाजे गावचा. बोलण्याआधी खाकरायचा, फडक्याने समोरची वस्तू पुसायचा आणि मगच तोंड उघडायचा. एकदा माझं टेबलच पुसून ठेवलं.

भंगाराचा नियम साधा आहे. साहेबांनी पाहायचं, गाडी निकामी दिसली की सही करायची. पण साहेब येणार म्हटलं की हा आदल्या दिवशीच इंजिन धुऊन तयार. "चालू हाय की सायेब!" म्हणत बंब सुरू करून दाखवायचा. सही राहून जायची. दोनदा हेच झालं.

"अहो, नवा बंब आलाय ना दारात?" मी ओरडलो.

"आलाय की. पर गावातल्या बोळात त्यो शिरतो व्हय, भाऊसाहेब?"

मी आणखीच चिडलो.

तिसऱ्या वेळी मी बॅटरीच काढून कपाटात कुलूपबंद केली. सही झाली, लिलाव झाला. क्रेन आली त्या दिवशी साहेबही हजर होते. हा खाकरला, बंबाचा दरवाजा पुसला.

"हिला वढत न्ह्यायची न्हाई," म्हणाला. मग स्वतःच्या ट्रॅक्टरची बॅटरी जोडून, घंटा वाजवत बंब घेऊन निघाला. पर्यटकांच्या गाड्या भराभर बाजूला झाल्या.

साहेब माझ्याकडे पाहत होते. माझ्या हातातल्या कागदावर, माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'वाहन जागचे हलत नाही.'