धुडकूचा जॅक

प्रतिभा शेडमध्ये खड्डा खणायला लागली, तेव्हा रस्त्याने जाणाऱ्या बायकांना वाटलं की पाण्याची टाकी बांधायची असेल. कोणी विचारलं तर ती नुसतं "हां" म्हणायची आणि पुन्हा कुदळ उचलायची. सहा हात लांब, दोन हात रुंद, छातीएवढा खोल. माप गोपालने दिलं होतं, ओसरीतल्या खाटेवर पडल्या पडल्या. माती कुठे टाकायची, कडेला फळ्या कशा लावायच्या, हेही त्यानेच सांगितलं. आठ महिन्यांत तो इतकं बोलला नव्हता.

गोपाल तिचा नवरा. ब्राह्मणपुरीत त्याच्याइतकी गाडी जपणारा माणूस नव्हता. पपईचे क्रेट भरून अक्कलकुव्याला, तिथून पुढे गुजरातेत, अशा खेपा तो दहा वर्षं मारत होता. बारीकसारीक काम घरीच करायचा. होळीच्या आधल्या आठवड्यात गाडी चढाला दम टाकायला लागली आणि बॉनेटमधून फसफस ऐकू यायला लागलं, तेव्हा त्याने गाडी न उघडताच सांगितलं की टर्बोतून खाली सायलेन्सरकडे जाणारा पाईप वाकणापाशी चिरला आहे. शहाद्याहून नवा पाईप आणला आणि भर दुपारी, घरच्या शेडमध्ये, गाडीचं तोंड जॅकवर उचलून तो खाली शिरला.

प्रतिभा आत भाकरी थापत होती. आवाज फार मोठा झाला नाही. पोतं पडावं तसा झाला. ती बाहेर आली तेव्हा गोपालचे पाय गाडीबाहेर होते आणि ते हलत नव्हते. सात-आठ जणांनी गाडी उचलून धरली, त्याला ओढून काढलं. जीव वाचला. कमरेखालचं सगळं गेलं.

जॅक धुडकूचा होता. गावाच्या फाट्यावर धुडकूचं गॅरेज होतं आणि गोपालची त्याच्याशी शाळेपासूनची दोस्ती. सकाळी गोपाल त्याच्याकडून तेलाचा जॅक मागून घेऊन आला होता. दवाखान्यातून पहिल्यांदा घरी कपडे न्यायला निघाली, त्या दिवशी प्रतिभा घरी न जाता सरळ फाट्यावर उतरली. बाजारचा दिवस होता. माणसं उभी होती.

"तुन्हा जॅकनी मन्हा मानूस मोडी टाका!" ती ओरडली. "तेल गळस माहीत व्हतं ना तुले? तरी दिधा ना?"

धुडकू हातात पाना घेऊन उभा राहिला. ती तोंडाला येईल ते बोलली. त्याच्या हाताला, त्याच्या लेकराबाळांना. लोकांनी तिला धरून बाजूला नेलं आणि मग त्या लोकांनीच हळूहळू धुडकूकडे जाणं सोडलं. ज्याच्या जॅकने दोस्ताची कंबर मोडली त्याच्याकडे गाडी कोण नेणार? पावसाळ्यात त्याने शटर ओढलं आणि बायको-लेकरांना घेऊन खांडबाऱ्याला, दुसऱ्याच्या गॅरेजात कामाला गेला.

गोपालच्या पाठीला, माकडहाडापाशी, पडून पडून जखम झाली होती. दर गुरुवारी नंदुरबारला नेऊन ती साफ करून घ्यावी लागे. त्याला बसवता येत नव्हतं, पालथं निजवूनच न्यावं लागे, आणि ते फक्त मागे गादी टाकलेल्या पिकअपमध्येच जमायचं. शेजारच्या रतिलालने चार वेळा आपली गाडी दिली. पाचव्या गुरुवारपासून त्याला गुरुवारीच भाडं लागायला लागलं. मग दोन गुरुवार चुकले आणि जखमेला वास यायला लागला. तापीबाई, गोपालची आई, नाकाला पदर लावून सुनेला म्हणाली, "हाई गाडी दारमा उभी शे, आनि आपन लोकेसना पाय धरी ऱ्हायनूत."

गाडी उभी होती तशीच उभी होती. पाईपाचं खालचं टोक गोपालने सोडवलेलं, टर्बोवरच्या तीन नटांपैकी दोन काढलेले. तिसरा राहिला होता. नवा पाईप कोपऱ्यात गोणपाटात गुंडाळलेला. फाट्यावर आता मेकॅनिक नव्हता. शहाद्याच्या दोघांना प्रतिभाने बोलावून पाहिलं. एक आला, गाडीकडे बघून, खाटेकडे बघून, उद्या येतो म्हणाला. दुसरा आलाच नाही.

त्या रात्री जेवताना ती म्हणाली, "तुम्ही सांगा. मी करस."

"तू गाडीखाल नही जावानं."

"मंग गुरुवारले काय करवानं?"

सकाळी तो म्हणाला, "जॅक लावानाच नही. खड्डा खन. गाडी खड्डावर आन. चारी चाकं जमीनवर ऱ्हावाले पायजेत."

असा तो खड्डा झाला. तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी गल्लीतल्या पाच-सहा जणांनी गाडी ढकलत खड्ड्यावर आणून दिली. प्रतिभाने चाकांना पुढून मागून दगड लावले, गोपालने ते तिला दोनदा तपासायला लावले. मग त्याची खाट शेडमध्ये आणली, खड्ड्याच्या तोंडाशी, म्हणजे पालथा पडल्या पडल्या त्याला खालचं दिसेल.

ती खड्ड्यात उतरली. वर लोखंड, डोक्याला लागेल इतकं जवळ. बाजूला तीच जागा, जिथे ती गुडघ्यावर बसून त्याचे पाय ओढत होती. तिने वर बघितलंच नाही, आधी श्वास सारखा करून घेतला.

"डावाकडे देख. जाडा गोल पाईप वरतून खाल येस तो. त्याना वरला टोकले नट लावाना तीन काना शेतस. एक नट दिसस का?"

"दिसस. लाल व्हई जायेल शे."

"गंज. रॉकेल टाक आनि ऱ्हाऊ दे."

दोन दिवस सकाळ-संध्याकाळ तिने रॉकेल टाकलं. बुधवारी दुपारी पाना लावला. पाना बसला, पण नट हलेना. गोपालने पान्याच्या दांड्यावर लोखंडी नळी चढवायला सांगितली, म्हणजे जोर वाढतो. तिने दोन्ही हातांनी नळी धरून अंगाचा सगळा भार टाकला. हात सटकला, बोटांची सालं निघाली, तोंडावर गंजाचा भुगा पडला.

"थांब," गोपाल म्हणाला. "थांब जराशी."

ती खड्ड्याच्या भिंतीला टेकली. तो खाटेच्या कडेवरून खाली बघत होता. त्याचा चेहरा उलटा, रक्त उतरून लाल झालेला.

"त्यादिन बी हाऊच नट व्हता," तो म्हणाला. "मी बी असाच जोर लावा. गाडी हालनी."

"जॅक बसना."

"जॅक बसना. पन धुडकूनी सांगेल व्हतं."

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "काय सांगेल व्हतं?"

"जॅक हळूहळू बसस. लाकडाना ठोकळा लायाशिवाय खाल जाऊ नको. ठोकळा बी देत व्हता. मी म्हनं घरमा ठोकळा शेतस. घरमा नव्हतात. मी ईटा लावात. एकवर एक. ईटा फुटन्यात."

प्रतिभाच्या हातात नळी होती. शेडच्या पत्र्यावर कबुतरं चालत होती, त्यांच्या नखांचा आवाज येत होता. तिला बाजारातला धुडकू दिसला, पाना धरून उभा असलेला. आपण त्याच्या लेकरांना काय काय म्हणालो ते शब्द न् शब्द आठवायला लागलं.

"आठ महिना," ती म्हणाली. "आठ महिना तुम्ही आयकी ऱ्हायनात. मी काय काय बोलनी ते तुमले सगळासनी सांगं. तुम्ही काबर नही बोलनात?"

"पहिले शुद्ध नव्हती."

"मंग?"

तो हलक्या आवाजात म्हणाला, "मंग बरं वाटे. कोन्ही दुसरानी करं आसं वाटे ते बरं वाटे."

तिला त्याला मारावंसं वाटलं. खरंच वाटलं. हात वर करता आला असता तर खाटेवरच्या त्या माणसाला, ज्याची जखम ती रोज धुवायची, तिने एक ठेवून दिली असती. त्याऐवजी तिने नळी पुन्हा पान्यावर चढवली आणि सगळा राग त्या नटावर काढला. कर्रकन आवाज झाला. तिला वाटलं तुटला. तुटला नव्हता, फिरला होता.

जुना पाईप खाली आला तो तिच्या मांडीवर. वाकणापाशी करंगळी जाईल एवढी चीर होती, कडा काजळीने काळ्याकुट्ट. नवा पाईप वर धरणं जास्त अवघड गेलं. एका हाताने तो उचलून धरायचा, दुसऱ्याने मधली गॅस्केटची चकती सरकू न देता नट ओढायचा. दोनदा चकती पडली. गोपाल सांगत राहिला आणि ती करत राहिली, पण तिने एकदाही त्याला उलट विचारलं नाही. तो म्हणाला, तिन्ही नट थोडे थोडे, आळीपाळीने आवळ. तिने तसे आवळले. खालच्या टोकाचे दोन बोल्ट, मग रबराची अडकवण. संध्याकाळी तापीबाईने चहा आणून खड्ड्याच्या काठावर ठेवला. तो तसाच गार झाला.

दिवेलागणीला तिने गाडी चालू केली. बॅटरी रतिलालच्या गाडीला जोडून चालू करावी लागली. फसफस नव्हती. सांध्याजवळ हात धरून पाहिला, धूर येत नव्हता. गोपालने डोळे मिटून आवाज ऐकला आणि मान हलवली. मग त्याने तोंड उशीत घातलं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. प्रतिभाने मागे गादी टाकली, चौघांनी गोपालला चढवलं, तापीबाई त्याच्याजवळ बसली. गाडी प्रतिभानेच चालवली. लग्नानंतरच्या वर्षी गोपालने तिला मोकळ्या शेतात शिकवली होती. लायसन नव्हतं. नंदुरबारच्या डॉक्टरने जखम बघितली आणि चुकलेल्या गुरुवारांबद्दल विचारलं. पू हाडापर्यंत गेला होता. भरती करून घेतलं.

शनिवारी तापीबाईला त्याच्याजवळ बसवून प्रतिभा गाडीने, रेल्वेच्या गाडीने, खांडबाऱ्याला गेली. धुडकूचं घर शोधायला वेळ लागला नाही. तो अंगणात हात धूत होता. तिला बघून तसाच राहिला, साबण लावलेले हात घेऊन. प्रतिभाने उभ्या उभ्याच सांगितलं. ठोकळ्याचं, विटांचं, सगळं. शेवटी म्हणाली, "धुडकूभाऊ, मी पाय धरस तुमना."

"नको," तो मागे सरला.

"तुम्ही त्यादिन का नही सांगं?"

"तू रडी ऱ्हायनी व्हती. काय सांगू?" त्याने हातावर पाणी ओतलं. "माले वाटनं, गोपाल घर उना का सांगी. चार महिना वाट देखी."

त्याची बायको सरलाबाई दारात येऊन उभी होती. तिने पाण्याचा तांब्या आणला नव्हता. "बजारमा सगळासना समोर बोलनी," ती म्हणाली, "आनि माफी मांगाले आठे एकली उनी. कानमा सांगाले."

प्रतिभा आल्या पावली परतली.

पुढच्या बाजारच्या दिवशी ती फाट्यावर गेली. धुडकूच्या गॅरेजच्या जागी आता ठिबकच्या नळ्या विकणारा बसला होता. तिने त्याच ओट्यावर उभं राहून मोठ्याने सांगितलं की धुडकूची चूक नव्हती, चूक माझ्या माणसाची. चार जण थांबले. एक म्हणाला, "आते कसाले हाई उकरस, वहिनी?" दुसरा म्हणाला, तिचं डोकं फिरलं आहे, कोणाचंही फिरेल. बाकीचे भाजी घेत राहिले. धुडकू वाईट, हे गावाला एव्हाना सोयीचं झालं होतं.

घरी तापीबाईला कळलं. नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडलं म्हणून तिने सुनेशी बोलणं टाकलं, ते अजून टाकलेलंच आहे. धुडकू परत आला नाही. प्रतिभाने दोनदा निरोप पाठवला, उत्तर आलं नाही.

गोपाल महिन्याने घरी आला. जखम भरायचं नाव घेत नाही. प्रतिभाने लायसन काढलं आहे आणि दर गुरुवारी ती त्याला घेऊन नंदुरबारला जाते. नवराबायको रस्त्याने फारसं बोलत नाहीत. ती पुढे, तो मागे.

मागच्या महिन्यात दवाखान्यात ड्रेसिंगच्या रांगेत धडगावकडचा एक माणूस शेजारी होता, रायसिंग नावाचा. भावाच्या पायाच्या जखमेसाठी आलेला. त्याने सहज विचारलं, "काय झालं होतं?"

प्रतिभा कागद चाळत होती. तिने मान वर केली नाही, पण हात थांबला.

"गाडी पडली अंगावर," गोपाल म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "ठोकळा लावायचा होता. मी विटा लावल्या."

"विटा नाही लावू कधी," रायसिंग म्हणाला, आणि नाव पुकारलं तसा भावाला उठवून आत गेला.